नववा निकष आणि सोमकुंवर सर

सोमकुंवर सर भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही. ते असतानाही मी त्यांना हेच म्हणायची आणि ते मान डोलवून 'हो ना' म्हणायचे. ते कुत्र्यांना भ्यायचे, उघड्या विहिरींना भ्यायचे, विजेला भ्यायचे, साहेबांच्या फोनला तर फारच. फोन वाजला की आधी उभे राहायचे, मग उचलायचे, आणि बोलणं संपेपर्यंत खाली बसायचे नाहीत. जीपमध्ये ते कधी पुढच्या सीटवर बसले नाहीत. मागे, दोन्ही हातांनी वरची दांडी धरून, रामाकोन्याहून सौंसरला येणाऱ्या साध्या रस्त्यावरही ओठ घट्ट मिटून बसायचे.

ते गेले त्याला दोन पावसाळे झाले. त्यांच्या टेबलावर आता मी बसते आणि त्यांचंच काम करते. नवा प्रस्ताव समोर आला की जी भीती वाटते, ती त्यांच्याकडूनच माझ्याकडे आली असावी.

आमची संस्था छोटी. एक कंपनी नदी-नाले पुन्हा वाहते करायला निधी देते. कोणत्या गावाचा प्रस्ताव त्या निधीला पात्र आहे, हे जागेवर जाऊन तपासायचं आणि लिहून द्यायचं, हे आमचं काम. त्यासाठी अकरा निकषांचा एक फॉर्म आहे. नाला वर्षात किती महिने वाहतो, काठाची जमीन खसऱ्यात, म्हणजे सरकारी नोंदीत, कोणाच्या नावावर आहे, पात्रात अतिक्रमण आहे का, ग्रामसभेचा ठराव झाला का, पुढची तीन वर्षं देखभाल कोण करणार, असे. यातले बरेचसे कागद पाहून भरता येतात. नववा निकष मात्र एका ओळीचा होता: 'कामामुळे खालच्या वस्तीला पुराचा धोका वाढेल का?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. सरांच्या आधीचे तपासनीस तिथे 'नाही'वर खूण करून पुढे जायचे. कोणी त्यांना दोष देईल असंही नव्हतं. ज्या कामाने नदी सुधारते, त्याने कोणाचं वाईट कसं होईल, असं सगळ्यांनाच वाटायचं.

सर त्या एका ओळीसाठी अर्धा दिवस घालवायचे. गावात पोहोचलो की सरपंच, सचिव, दोन-चार पुढारी आम्हाला कामाच्या जागेवर न्यायला उभे असायचे. सर त्यांना हात जोडायचे, 'येतोच' म्हणायचे आणि उलट्या दिशेने, प्रवाहाच्या खालच्या अंगाला चालायला लागायचे. सगळ्यात शेवटच्या घरापर्यंत जायचे. तिथे कुत्रं असलं तर मला पुढे करायचे. मग त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईसमोर जमिनीवर बसून विचारायचे, "आजी, पाणी कुठवर आलतं?"

कधी आलं होतं, किती फूट आलं होतं, असं ते विचारत नसत. म्हाताऱ्या उठून हाताने दाखवायच्या. भिंत, खुंटी, उंबरा. सर ते जसंच्या तसं फॉर्मच्या समासात उतरवायचे. त्यांच्या अक्षरातली एक नोंद मला पाठ आहे: 'राधाबाईचे घरी चुलीवरच्या कोनाड्यापर्यंत. साल आठवत नाही. धाकटा मुलगा पोटात होता.' असल्या नोंदी पाहून मोठे साहेब चिडायचे. कंपनीला हे कसं पाठवू, म्हणायचे. सर उभे राहून ऐकून घ्यायचे आणि पुढच्या गावात पुन्हा तेच लिहायचे.

एवढी कसली भीती, हे मी एकदा विचारलं. जामसांवलीला, मारुतीच्या देवळाशी. मी दर्शन घेऊन आले तेव्हा ते बाहेर चहाच्या टपरीवर बसले होते. ते देवळात येत नसत. घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्यापुढे रोज सकाळी मेणबत्ती, एवढंच त्यांचं. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि त्यांचा कप बशीवर वाजत होता. मी हसून विचारलं, तर त्यांनी सांगितलं.

नोकरीला लागले तेव्हा ते सरकारी उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता, होते, इथून लांब दुसऱ्या जिल्ह्यात. एका नाल्यावरच्या मातीच्या बांधाचा कागद त्यांच्यापुढे आला. सगळ्या सह्या होत्या, नकाशा होता, फक्त यांची सही राहिली होती. बसची वेळ झाली होती म्हणून त्यांनी जागा न पाहता सही केली. दुसऱ्या पावसात बांध फुटला. खाली एकच झोपडी होती. त्यातली बाई भाकरी थापत होती म्हणे. चौकशी झाली आणि सर सुटले, कारण कागद पूर्ण होता.

"तेच तं भेव आहे, मॅडम," ते म्हणाले. "कागद पूर्ण होता."

मी त्यांच्या निम्म्या वयाची, पण ते मला मॅडमच म्हणायचे.

तो टोल्याचा प्रस्ताव आला तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही. गाव वर, नाल्याच्या उंच काठावर. मधे नाल्याला एक मोठं वळण, आणि वळणाच्या खाली पंधरा-सोळा घरांचा टोला, म्हणजे गावापासून तुटलेली वस्ती. टोल्यात सगळी बौद्ध वस्ती, मजुरीवर जगणारी. गावच्या सरपंच एक बाई होत्या आणि कारभार त्यांचे यजमान नरेशभाऊ पाहायचे. नरेशभाऊंचा संत्र्याचा बगीचा, दोन ट्रॅक्टर, खोदाईचं एक मशीन. माणूस कामाचा होता. शाळेची भिंत, स्मशानाचं शेड त्यानेच नेटाने करून घेतलं होतं. आता नाल्याचं काम काढलं होतं: वळण कापून नाला सरळ करायचा, खोल करायचा आणि वळणालगतच्या त्याच्या वावराच्या बाजूने उंच बांध घालायचा. म्हणजे त्याच्या वावरात पाणी पसरणार नाही.

फाइल सुरेख होती. दहा निकषांत बोट ठेवायला जागा नव्हती. ग्रामसभेच्या ठरावावर टोल्यातल्या प्रत्येक घराची सही किंवा अंगठा होता.

आम्ही गेलो. सर नेहमीप्रमाणे खाली टोल्यात जाऊन बसले. शेवंताबाई म्हणून एक साठीची, तोंडाची फटकळ बाई होती, तिच्या ओट्यावर. सर ठरावातली नावं वाचून एकेकाची विचारपूस करू लागले. कौसाबाईचं नाव आलं तेव्हा शेवंताबाईने हातातलं सूप खाली ठेवलं.

"कौसा तं पोळ्याच्या आधीच गेली," ती म्हणाली.

ठराव दिवाळीनंतरचा होता. सरांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. मग त्यांनी तिथल्या म्हाताऱ्यांना आपला नेहमीचा प्रश्न विचारला. तिघींनी तीन घरांत जाऊन दाखवलं. मोठ्या पुरात पाणी त्यांच्या ओट्याला लागून थांबलं होतं. वरच्या वळणावर ते वावरात पसरलं म्हणून.

परत येताना टोल्याच्या कच्च्या रस्त्यावर, दोन्हीकडे संत्र्याची झाडं होती तिथे, एक पांढरी गाडी आडवी लावलेली होती. भर दुपारी. आमच्या ड्रायव्हरने जीप थांबवली. नरेशभाऊ उतरून आले. त्यांच्या हातात संत्र्यांची थैली होती. ती त्यांनी खिडकीतून सरांच्या मांडीवर ठेवली.

"लय वेळ बसले सर तुमी टोल्यात," ते म्हणाले. "कागद पूर्ण आहे नं आपला?"

सर म्हणाले की कागद पूर्ण आहे.

"मंग झालं तं." नरेशभाऊंनी खिडकीवर कोपर टेकला. "तुमच्या प्रज्ञा मॅडम पांढुर्ण्याले शाळेत आहेत नं? स्टेशनच्या तिकडं खोली आहे. एकट्याच राहतात म्हणे. काई लागलं तं सांगजा."

सरांनी दांडी सोडली नव्हती, पण मान वळवून त्यांनी नरेशभाऊंकडे पाहिलं.

"माह्या पोरीवर लक्ष ठेवून राहिले का तुमी?"

"नाई जी," नरेशभाऊ हसले. "ओळख ठेवून राहिलो."

गाडी बाजूला झाली. सौंसरला ऑफिसात आल्यावर सर मोरीकडे गेले आणि त्यांनी तोंडावर पाणी मारलं. मग ते फॉर्म घेऊन बसले. मी म्हटलं, सर, 'अपूर्ण' लिहा. अपूर्ण लिहिलं की फाइल परत जाते, कोणावर आळ येत नाही, कोणाचं नाव येत नाही. मला खरोखरच त्यांची काळजी वाटत होती, आणि स्वतःचीही.

"अपूर्ण लिहिलं तं पूर्ण करून आणतीन, पोरी," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी मॅडम राहिले नाही.

नवव्या निकषापुढे त्यांनी 'होय'वर खूण केली. पेन इतकं दाबलं की टोकाने कागद फाटला. खाली लिहिलं: अपात्र. मग चौथ्या निकषाच्या समासात, ठरावाच्या शेजारी: 'कौसाबाई मृत. अंगठा कोणाचा?'

मोठ्या साहेबांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. आर्थिक वर्ष संपत आलं होतं, हे काम गेलं तर निधी परत जाणार होता, पुढच्या वर्षी तो मिळेलच असं नव्हतं. 'अटींसह पात्र' असं लिहा, म्हणाले, अटी आपण नंतर पाहू. सर उभेच होते. त्यांनी सांगितलं की मला फार भीती वाटते आहे, तुमचीही वाटते, पण हे मला लिहिता येणार नाही. साहेबांनी फाइल बंद करून बाजूला सरकवली. प्रस्ताव अपात्रच राहिला.

पुढचा महिना वाईट गेला. सर रोज संध्याकाळी पाचच्या बसने पांढुर्ण्याला मुलीकडे जायचे आणि सकाळच्या बसने परत यायचे. प्रज्ञाने मला नंतर सांगितलं की ते आल्या आल्या खिडक्यांच्या कड्या पाहायचे आणि दाराजवळ खुर्ची टाकून बसायचे. खालून मोटारसायकल गेली की उठायचे. ती त्यांच्यापेक्षा धीट होती. तिने मुख्याध्यापिकेला सगळं सांगितलं आणि पोलीस ठाण्यात अर्जही देऊन ठेवला. इकडे मी स्कूटीवरून घरी जाताना आरशात पाहायची. एकच मोटारसायकल तीन दिवस मागे दिसली. चौथ्या दिवशी मी रस्ता बदलला. ती नरेशभाऊंची होती की आपल्या घरी जाणाऱ्या कोणा साध्या माणसाची, हे मला आजतागायत माहीत नाही. पण त्या तीन दिवसांत मी दोनदा राजीनामा लिहिला.

झालं मात्र कोणालाच वाटलं नव्हतं ते. नरेशभाऊ आले नाहीत, टोल्याची माणसं आली. ऑटो करून दहा-बारा जण, पुढे शेवंताबाई. काम रद्द झाल्याचं त्यांना कळलं होतं. त्या कामावर मजुरी मिळणार होती, नाला खोल झाला तर उन्हाळ्यात पाणी थांबणार होतं. फेब्रुवारीतच त्यांच्या हातपंपाला हवा यायची. सर खुर्चीतून उठले आणि पुराचं सांगू लागले. शेवंताबाईने ऐकून घेतलं.

"तुमी भेता म्हणून आमी तहानेनं मराचं का?" ती म्हणाली.

ती माणसं गेल्यावरही सर बराच वेळ उभे होते. मला वाटतं, नरेशभाऊंच्या बोलण्याने बसला नसेल एवढा धक्का त्यांना या एका वाक्याने बसला. आपण चुकलो असू, ही भीती त्यांच्या सगळ्या भीतींत मोठी होती.

दोन दिवसांनी त्यांनी एका कागदावर नाला काढला. वळण तसंच. गाळ काढायचा, पण हाताने, मजूर लावून. टोल्याच्या वर दगडांचे तीन लहान अडसर, म्हणजे पाणी मुरेल. बांध नाही. मोठं पाणी आलं तर ते पूर्वीसारखं वळणावरच्या वावरात पसरेल. नवा प्रस्ताव सगळ्या निकषांत बसत होता, फक्त त्या वावराच्या मालकाची लेखी संमती लागत होती. मालक म्हणजे नरेशभाऊ.

"मी जातो," सर म्हणाले. "तू नको येऊ."

मी गेले. त्यांना एकट्याला पाठवायची मला जास्त भीती वाटली.

बगीच्यातल्या घरासमोर साखळीला बांधलेलं एक भलं मोठं कुत्रं होतं. नरेशभाऊंनी आम्हाला त्याच्यासमोरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि ते आत गेले. तासभर बाहेर आले नाहीत. कुत्रं भुंकत होतं, साखळी ताणत होतं, आणि सर गुडघ्यांवर हात ठेवून समोर पाहत होते. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने ओली झाली होती. शेवटी नरेशभाऊंची आई तांब्यात पाणी घेऊन आली आणि कुत्र्यावर ओरडली. ते गप्प झालं. नरेशभाऊही तिच्या मागून दारात येऊन उभे राहिले.

सर पाणी प्यायले आणि सवयीने त्यांनी विचारलं, "आजी, या नाल्याचं पाणी कुठवर आलतं?"

म्हातारीने बाहेर बोट दाखवलं. तेव्हा त्यांचं घर इथे नव्हतं, खालच्या वावरात होतं, वळणाजवळ. पाणी चहूकडून आलं, ती सांगू लागली. घरधनी बाजाराला गेलेला. नरेश सव्वा महिन्याचा. ती त्याला घेऊन माळ्यावर चढली. गावातून कोणाला येता येत नव्हतं. टोल्यातली माणसं दोर धरून आली.

"तुले कौसानं टोपल्यात टाकून डोक्यावर नेलं," ती मुलाकडे वळून म्हणाली. "तिच्या गळ्यापर्यंत पाणी होतं. आपलं वावर तीन दिवस पाण्यात होतं, उभी पऱ्हाटी सडली. तुहा बाप म्हणे, सडू दे."

नरेशभाऊंनी हे आधी कधी ऐकलं होतं का, मला माहीत नाही. "टोल्यातली कौसाबाई?" त्यांनी विचारलं. म्हातारी म्हणाली, "तेच. दुसरी कोण?"

अंगठ्याचा विषय सरांनी काढला नाही. मला तो काढावासा वाटत होता, जिभेवर आला होता, पण सर कुत्र्याकडे पाहत होते. नरेशभाऊ म्हणाले, "माह्य वावर पाण्यात जाईन मंग." सर म्हणाले, जाईल, मोठं पाणी आलं तर दोन-तीन दिवस. नरेशभाऊ आत निघून गेले. आम्ही चहा न घेता परत आलो.

दहा-बारा दिवसांनी त्यांच्या माणसाने एक लिफाफा आणून दिला. आत संमतीपत्र होतं. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हतं. पुढे टोल्यातच ग्रामसभा झाली, सरांनी प्रत्येक माणूस डोळ्यांनी पाहून सही घेतली. मग फॉर्मवर 'पात्र' लिहिलं. निधी मार्चच्या आत मंजूर झाला आणि काम मे महिन्यात झालं. नरेशभाऊ दोनदा येऊन लांबून पाहून गेले. त्यांनी कधी माफी मागितली नाही, आणि सरांनी मुलीकडे जायची पाचची बस कधी सोडली नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये दोन दिवस सारखा पाऊस लागला. जाम नदी पांढुर्णा आणि सावरगावच्या मधून तपकिरी होऊन धावत होती. आमच्या ऑफिसातून टोल्यात फोन लागत नव्हता. रामाकोन्यापुढचा रस्ता उघडला तेव्हा दुपारी आम्ही जीप काढली. सर त्या दिवशी कामावर आले नव्हते. मला वाटलं, भिऊन मुलीकडे बसले असतील, आणि मी त्याबद्दल मनात त्यांना क्षमाही करून टाकली.

ते टोल्यात होते. पहाटेच्या पहिल्या बसने रामाकोन्यापर्यंत आले होते आणि पुढे चिखलातून चालत. नरेशभाऊंच्या वावरात कंबरभर पाणी उभं होतं, त्यातून उभ्या कपाशीचे फक्त शेंडे दिसत होते. टोल्याच्या अंगणांत चिखल होता. ओटे कोरडे होते. पहिल्या प्रस्तावाप्रमाणे काम झालं असतं तर काय झालं असतं, हे कोणी सांगू शकत नाही. काहीही झालं नसतं, असंही असेल. ते मी सरांना विचारणार होते. पण ते रजेवर मुलीकडेच राहिले, आणि चार दिवसांनी सकाळी, पांढुर्ण्यात मुलीच्या घरी, चहाचा कप हातात असताना त्यांचं हृदय थांबलं.

म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते टोल्यातल्या विहाराच्या ओसरीत. आत लहान मुलं, कोंबड्या, अंथरुणं, बायांचा गलका. सकाळपासून ते काठावर उभे राहून पाणी पाहत होते, आणि पाणी उतरायला लागलं तेव्हा इथे येऊन टेकले, असं कोणीतरी सांगितलं. पाठ भिंतीला, पाय पसरलेले, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, तोंड किंचित उघडं. कोणीतरी त्यांच्या अंगावर फुलाफुलांची गोधडी टाकली होती. एक कुत्रं त्यांच्या पायाशी अंगाचं वेटोळं करून पडलं होतं.

मी हाक मारायला वाकले. शेवंताबाईने दुरूनच हात वर करून मला थांबवलं.

"झोपू द्या त्याईले," ती म्हणाली.

आम्ही त्यांना उठवलं नाही.